रेंजवरचे विनोद आणि त्यांच्यामागची कलमं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षं कॅलिफोर्नियात आहात, नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलंय आणि ऑफिसमधली मंडळी शनिवारी तुम्हाला शूटिंग रेंजवर घेऊन गेली. एकाच्या रायफलला माशाच्या परासारखं काहीतरी लावलेलं होतं, तर दुसऱ्यानं विचारलं, "ही पोहते का रे?" तिसरा रायफलला खालून लावलेल्या गोळ्यांच्या पेटीकडे बघून म्हणाला, "मॅगझिन फ्रीडम वीकचं दिसतंय." चौथा म्हणाला, "माझ्या तर सगळ्या बंदुका होडी उलटून बुडाल्या." सगळे खो खो हसले, तुम्ही नुसते उभे राहिलात. आता तुम्हाला हवंय ते हे: यात हसण्यासारखं काय होतं, त्यातलं खरं किती, आणि त्यांच्यातला एक जण टेक्सासला चाललाय, तो त्याची जुनी बटणवाली रायफल स्वस्तात देऊ म्हणतोय, ती घ्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: घेऊ नका. का, ते सगळे विनोद उलगडल्यावर आपोआप कळेल.

मी सॅक्रामेंटोच्या उत्तरेला एकोणीस वर्षं रेंज सेफ्टी ऑफिसर आणि प्रशिक्षक म्हणून काम करतोय. कोल्हापुरात शाळेत असताना एनसीसीत पॉइंट टू टू (.२२) रायफल हातात आली, तेव्हापासून ही गोडी आहे. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मीसुद्धा तुमच्यासारखाच कोपऱ्यात उभा असायचो. मग माझ्या लक्षात आलं की या मंडळींना कायदा कलमासकट पाठ आहे आणि तो त्यांनी विनोदांत साठवून ठेवलाय. आपल्याकडे आज्या ओव्यांमधून हिशोब लक्षात ठेवायच्या, तसंच हे. म्हणून मी नव्या माणसाला सांगतो की इथला प्रत्येक विनोद हा एक धडा आहे. हसायच्या आधी त्याच्यामागचं कलम समजून घ्या, कारण ते न समजता केलेली एक चूक थेट तुरुंगात नेऊ शकते.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही, तुमच्या मागून हे वाचणाऱ्या बाकीच्या मराठी मंडळींसाठी. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुम्ही रेंजवर रायफल हातात घेऊ शकता. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगायलाही मनाई करतो. रेंजवर भाड्यानं घेतलेली बंदूक अर्धा तास हातात धरणं हेही 'जवळ बाळगणं'च. याला एक मोठा अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर चालतं. तो मिळवायला कॅलिफोर्नियात शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. बरेच जण "सगळेच जातात की" म्हणून टीमबरोबर जातात, फोटो काढतात आणि तो फोटो सोशल मीडियावर टाकतात. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं झाली आहे, शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. मी दर वेळी दारातच विचारतो. कुणाला राग आला तरी विचारतो.

आता परावर येऊ.

एआर-१५ ही रायफल कॅलिफोर्नियाचीच लेक आहे. आर्मालाइट नावाची कंपनी १९५४ मध्ये हॉलिवूडमध्ये सुरू झाली. युजीन स्टोनर तिथे अभियंता होता. १९५९ मध्ये आर्मालाइटनं या रायफलचे हक्क कोल्ट कंपनीला विकले. 'एआर' म्हणजे आर्मालाइट रायफल; 'असॉल्ट रायफल' नव्हे. हे तुम्हाला रेंजवर पहिल्या पाच मिनिटांत कुणी ना कुणी सांगेलच, आणि ते खरं आहे. दुकानात मिळणारी एआर-१५ अर्धस्वयंचलित असते: एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते.

१७ जानेवारी १९८९ रोजी स्टॉकटनमधल्या क्लीव्हलँड प्राथमिक शाळेच्या मैदानात एका माणसानं एके-४७ च्या धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलनं गोळीबार केला. पाच लहान मुलं गेली, तीसच्या आसपास जखमी झाले. गेलेली मुलं कंबोडिया आणि व्हिएतनाममधून जीव वाचवून आलेल्या निर्वासित कुटुंबांतली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं रॉबर्टी-रूस कायदा केला. 'असॉल्ट वेपन' ठरवून बंदुकांवर बंदी घालणारा अमेरिकेतला हा पहिला राज्य कायदा. त्यात नावांची यादी होती: अमुक कंपनीची अमुक रायफल बंद. कारखान्यांनी नाव बदललं, नळीवरचा एखादा आटा बदलला आणि तीच रायफल दुसऱ्या नावानं विकली. म्हणून १९९९ मध्ये नवा कायदा आला आणि १ जानेवारी २००० पासून नावांच्या जोडीला लक्षणांवरून ओळख ठरू लागली.

ही लक्षणं म्हणजेच रेंजवरची 'फीचर्स'. सेंटरफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या मधोमध ठोका बसतो ते) वापरणारी अर्धस्वयंचलित रायफल, तिचं मॅगझिन सहज निघणारं, आणि त्यावर पुढीलपैकी एक जरी गोष्ट असली की ती असॉल्ट वेपन: यंत्रणेच्या खाली ठळकपणे बाहेर आलेली पिस्तुलासारखी मूठ, अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता, घडी होणारा किंवा आत-बाहेर सरकणारा दस्ता, गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा फ्लॅश हायडर, पुढच्या हातासाठी उभी मूठ, ग्रेनेड किंवा फ्लेअर फेकणारी नळी. यातलं एकही नको असेल तर रायफल 'फीचरलेस' करायची. फ्लॅश हायडर काढून त्या जागी धक्का कमी करणारा मझल ब्रेक बसवायचा, दस्ता एका जागी पक्का करायचा आणि मुठीला पर लावायचा.

पर का, ते नीट समजून घ्या, कारण सगळा विनोद त्यातच आहे. राज्याच्या नियमात पिस्तुलासारख्या मुठीची व्याख्या अशी आहे: चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी गोळी झाडताना चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली ठेवता आली, तर ती पिस्तुलासारखी मूठ. आता मुठीच्या मागे प्लॅस्टिकचा एक आडवा पडदा बसवला, शार्कच्या पाठीवर असतो तसा, की अंगठा पलीकडे जातच नाही. तो वरच राहतो आणि बेचकी चापाच्या वर येते. झाली कायदेशीर रायफल. नळी तीच, काडतूस तेच, गोळीचा वेग तोच. म्हणून "पोहते का?"

शिकवणारा म्हणून मला हा पर आवडत नाही आणि त्याचं कारण राजकीय नाही. त्यानं हाताची पकड सैल होते. नवशिक्याचा अंगठा मोकळा तरंगतो, चाप ओढताना सगळा हात हलतो, आणि सेफ्टीच्या खटक्यापर्यंत अंगठा नेताना काहींची पकडच सुटते. मी शिकवताना सेफ्टी लावण्याचा सराव परवाल्यांकडून दुप्पट करून घेतो. कायद्यानं ठरवलेल्या या लक्षणाचा रायफलच्या मारक ताकदीशी फारच थोडा संबंध आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि परावर हसणाऱ्यांचं म्हणणं इथे बरोबर आहे.

बटणाची गोष्ट याहून लांब आहे आणि तुमच्या सौद्याशी तिचाच संबंध आहे. 'सहज निघणारं मॅगझिन' म्हणजे काय? जुन्या नियमात उत्तर होतं: जे यंत्रणा न उघडता आणि कुठलंही अवजार न वापरता काढता येतं ते. आणि पुढे एक वाक्य होतं: बंदुकीची गोळी किंवा काडतूस हेही अवजार मानलं जाईल. या एका वाक्यातून 'बुलेट बटण' जन्मलं. मॅगझिन सोडवायच्या बटणाभोवती कठडा बसवला, त्यात बारीक भोक ठेवलं. बोट आत जात नाही, पण काडतुसाचं टोक जातं. टोक दाबलं की मॅगझिन खाली. अवजार वापरलं, म्हणजे कायद्याच्या लेखी ते मॅगझिन रायफलमध्ये पक्कं बसवलेलं. अशा रायफलला पिस्तुलासारखी मूठ, सरकता दस्ता, सगळं चालायचं. २००७ च्या सुमारास हे आलं आणि पुढची नऊ-दहा वर्षं कॅलिफोर्नियात अशा रायफली भरपूर विकल्या गेल्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण गळ्यातल्या साखळीत बटण दाबायचं टोक अडकवून यायचे.

२ डिसेंबर २०१५ रोजी सॅन बर्नार्डिनोत चौदा माणसं मारली गेली. त्यानंतर १ जुलै २०१६ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी बंदुकांविषयीच्या विधेयकांच्या एका गठ्ठ्यावर सह्या केल्या. बंदूकवाले त्या दिवसाला 'गन-मगेडन' म्हणतात. १ जानेवारी २०१७ पासून अवजाराची पळवाट बंद झाली. आता मॅगझिन पक्कं मानायचं असेल तर रायफलची यंत्रणा उघडल्याशिवाय ते निघताच कामा नये. ज्यांच्याकडे आधीच्या बटणवाल्या रायफली होत्या त्यांच्यापुढे चार रस्ते होते: २०१८ च्या मध्यापर्यंत असॉल्ट वेपन म्हणून नोंदवा, पर लावून फीचरलेस करा, नव्या पद्धतीनं मॅगझिन पक्कं करा, किंवा राज्याबाहेर पाठवा. तुमच्या सहकाऱ्याकडे आज 'जुनी बटणवाली' आहे म्हणजे नेमकं काय, याकडे शेवटी येतो.

मिनी-१४ चा विनोद तुमच्या कानावर पडला नसेल तर पडेलच. रुगर मिनी-१४ ही लाकडी दस्त्याची, दिसायला शेतकऱ्याची रायफल. एआर-१५ चालते त्याच .२२३ काडतुसावर चालते, अर्धस्वयंचलित आहे, मॅगझिन सहज निघतं. पिस्तुलासारखी मूठ नाही म्हणून कॅलिफोर्नियात राजरोस मिळते. यावरून म्हणतात, "लाकूड लावलं की पाप धुतलं जातं." हा विनोद मी ऐकतो तेव्हा मला माँट्रियल आठवतं. ६ डिसेंबर १९८९ रोजी तिथल्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये चौदा स्त्रियांना मारणाऱ्याच्या हातात मिनी-१४ च होती. कॅनडानं २०२० मध्ये दोन्ही रायफलींवर एकाच आदेशानं बंदी घातली. म्हणजे "दोन्ही सारख्याच आहेत" या म्हणण्याचे दोन निष्कर्ष निघतात, आणि सांगणाऱ्याला त्यातला एकच हवा असतो. मी वर्गात दोन्ही सांगतो.

आणि हे सगळं सेंटरफायरपुरतं. पॉइंट टू टू रिमफायरला, म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसतो त्या काडतुसाला, लक्षणांचा नियम लागू नाही. त्यामुळे तुम्ही दिसायला हुबेहूब एआर-१५, सरकता दस्ता, फ्लॅश हायडर, उभी मूठ अशी पॉइंट टू टू दुकानातून आणू शकता, फक्त मॅगझिन दहा गोळ्यांचं. आपला स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकला, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, त्या रायफली याच काडतुसाच्या. कोल्हापूरच्या माणसाला पॉइंट टू टू कमी लेखू नका हे वेगळं सांगायला नको.

खरं तर मराठी माणसाला हे 'एक आकडा बदलला की बेकायदा वस्तू कायदेशीर' प्रकरण नवं वाटायला नको. इंग्रजांनी हिंदुस्थानात सैन्याचं .३०३ काडतूस सामान्य माणसाला बंद ठेवलं, म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ आलं. गोळी जवळजवळ तेवढीच दणकट, फक्त सैन्याच्या रायफलीत बसणार नाही अशी. स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती 'तीनशे पंधरा' बनत राहिली. गावाकडे कुणाच्या आजोबांकडे परवान्याची रायफल असेल तर बहुधा तीच.

दुसऱ्या राज्यांचे विनोद थोडक्यात सांगतो. मेरीलँडच्या यादीत कोल्ट एआर-१५ आणि तिच्या सगळ्या नकला बंद आहेत, पण 'स्पोर्टर एच-बार' हा जाड, जड नळीचा प्रकार वगळलेला आहे. म्हणजे नळी जाड असेल तर चालते, बारीक असेल तर गुन्हा. न्यू जर्सीच्या १९९० च्या कायद्यात पंधराहून जास्त गोळ्यांचं पक्कं मॅगझिन असलेली अर्धस्वयंचलित रायफल असॉल्ट फायरआर्म ठरत होती. त्यात मार्लिन मॉडेल ६० सापडली. ही खारी-ससे मारायची पॉइंट टू टू. तिच्या जुन्या मॉडेलांच्या नळीसारख्या पक्क्या मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या मावायच्या. वाढदिवसाला मुलाला द्यायची वस्तू कागदावर युद्धाचं हत्यार ठरली. २०१८ च्या दुरुस्तीत अशा नळीसारख्या मॅगझिनच्या पॉइंट टू टू वगळल्या गेल्या. केंद्राचा असॉल्ट वेपनबंदीचा १९९४ चा कायदा तर दहा वर्षांत, १३ सप्टेंबर २००४ रोजी, मुदत संपून गेलाच. त्याच्या लक्षणांत संगीन बसवायची खोबणही होती, आणि "शेवटचा संगिनीनं झालेला दरोडा कुणी पाहिलाय?" हा विनोद तेव्हापासूनचा.

राजकारण्यांवरचे विनोद मात्र वेगळे. तिथे मी थोडा थांबतो.

'थर्टी कॅलिबर मॅगझिन क्लिप' हे शब्द तुम्ही टी-शर्टवर पाहाल. २०१४ च्या जानेवारीत राज्य सिनेटर केविन डी लेऑन यांनी पत्रकारांसमोर एक घरी जुळवलेली रायफल दाखवली आणि ती तीस कॅलिबरच्या क्लिपनं अर्ध्या सेकंदात तीस गोळ्या झाडते अशा अर्थाचं बोलून गेले. तीस कॅलिबर म्हणजे गोळीचा व्यास, इंचाचे तीस शतांश. गोळ्यांची संख्या नव्हे. क्लिप म्हणजे गोळ्या एकत्र धरणारी नुसती पट्टी; मॅगझिन वेगळं. अर्धस्वयंचलित रायफल अर्ध्या सेकंदात तीस गोळ्या झाडू शकत नाही. विनोद रास्त आहे, कारण ज्यावर कायदा करायचा ती वस्तू माहीत असलीच पाहिजे. पण पुढचं कुणी सांगत नाही. ते विधेयक ब्राउन यांनी नाकारलं, तरी त्याच आशयाचा कायदा २०१६ मध्ये झाला. दोन वर्षं हसण्यात गेली, आणि घरी जुळवणाऱ्यांवर क्रमांक घेण्याची सक्ती आलीच.

दुसरा विनोद राज्य सिनेटर लिलँड यी यांचा. २०१२ मध्ये बुलेट बटण बंद करायचं विधेयक यांनी मांडलं होतं. २०१४ च्या मार्चमध्ये एफबीआयनं त्यांना अटक केली, आरोपांत बंदुकांच्या बेकायदा व्यापाराचा कट होता. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. यावर हसणाऱ्याला मी कधी अडवलं नाही.

तिसरा विनोद मी माझ्या वर्गात करू देत नाही. 'खांद्यावरची ती वर जाणारी वस्तू.' २००७ मध्ये काँग्रेसच्या सदस्य कॅरोलिन मॅकार्थी यांना टीव्हीवर विचारलं की तुमच्या विधेयकात 'बॅरल श्राउड' बंद करायचं म्हटलंय, ते काय असतं? त्यांना माहीत नव्हतं. खांद्यावर वर जाणारं काहीतरी असावं, असं त्या म्हणाल्या. बॅरल श्राउड म्हणजे तापलेल्या नळीनं हात भाजू नये म्हणून घातलेलं आवरण. तेव्हापासून एवढी वर्षं हे वाक्य चालू आहे, त्याचे बिल्ले निघाले, स्टिकर निघाले. ७ डिसेंबर १९९३ रोजी लाँग आयलंडच्या संध्याकाळच्या लोकलमध्ये एका माणसानं सहा प्रवाशांना मारलं. त्यात मॅकार्थी यांचे पती होते. मुलगा डोक्याला गोळी लागून वाचला. त्या नर्स होत्या. या घटनेनंतर निवडणुकीला उभ्या राहिल्या. मारेकऱ्याच्या हातात रायफल नव्हती, पिस्तूल होतं. पिस्तुलाचं मॅगझिन तो बदलत असताना तीन प्रवाशांनी त्याला दाबून धरलं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मॅगझिन दहा गोळ्यांचं असावं हा आग्रह कुठून येतो, ते त्यात आहे. पराला मी कायद्याची चूक म्हणतो, पण मॅगझिनच्या मर्यादेला मी हसत नाही. माझे कितीतरी मित्र याबाबत माझ्याशी सहमत नाहीत, आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत: घरात दोन चोर शिरले तर दहा गोळ्या कुणाला पुरतील, आणि मारेकरी मर्यादा पाळतो का. ही चर्चा दोन्ही बाजूंनी गंभीरपणे करण्यासारखी आहे.

आता 'फ्रीडम वीक'. कॅलिफोर्नियात दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकणं, बनवणं, राज्यात आणणं २००० पासून बंद आहे. २०१६ च्या सार्वमतानं ते जवळ ठेवणंही बंद केलं. २९ मार्च २०१९ रोजी सॅन डिएगोचे केंद्रीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. निकाल तत्काळ लागू झाला. देशभरातल्या दुकानांचे फोन वाजू लागले, लोकांनी रात्री जागून ऑर्डरी दिल्या, कुरिअरच्या गाड्या भरून आल्या. मग न्यायाधीशांनीच स्वतःच्या निकालाला स्थगिती दिली, ती ५ एप्रिलला संध्याकाळी पाचला लागू झाली. मधल्या त्या आठवड्यात घेतलेली मॅगझिनं कायदेशीर खरेदीची. म्हणून "फ्रीडम वीकचं ना?" हा प्रश्न विनोदाच्या सुरात असला तरी मुळात सल्ला आहे: पावती आहे ना जवळ? मोठं मॅगझिन ज्याच्याकडे आहे त्यानं ते कधी घेतलं, यावर सगळं अवलंबून. मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नवव्या सर्किट न्यायालयाच्या मोठ्या पीठानं बंदी योग्य ठरवली. त्याच बेनिटेझ यांनी जून २०२१ मध्ये रायफलवरची बंदीही रद्द केली होती, निकालाच्या पहिल्याच वाक्यात एआर-१५ ची तुलना स्विस आर्मी चाकूशी करून. तोही निकाल वरच्या न्यायालयानं थोपवला. मेरीलँडच्या बंदीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहून ठेवलं की हा प्रश्न लवकरच हाती घ्यावा लागेल. सांगायचा मुद्दा असा की बातमीत 'बंदी रद्द' वाचून दुकानात पळू नका. स्थगिती आहे का ते आधी पाहा.

होडीचा विनोद सगळ्यात जुना आणि नव्या माणसाला सगळ्यात धोक्याचा. सरकारनं उद्या बंदुका परत मागितल्या तर म्हणायचं, "तळ्यात होडी उलटली, सगळ्या बुडाल्या." एवढाच अर्थ. रेंजवर मित्रांत ठीक आहे. पण कॅलिफोर्नियात जुलै २०१७ पासून बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर कळल्यापासून पाच दिवसांत पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून हे वाक्य ईमेलमध्ये लिहू नका, पोलिसासमोर गमतीनं बोलू नका, आणि तुमचा नागरिकत्वाचा अर्ज व्हायचाय तोवर सोशल मीडियावर तर मुळीच नको.

'फ्री स्टेट' हा शब्दही ऐकला असेल. नेवाडा, ॲरिझोना, टेक्सास ही त्यांच्या बोलण्यातली फ्री स्टेट्स. "रीनोला चार तासांत जाऊन येऊ" हेही हसत म्हटलं जातं. रीनोच्या दुकानात मूठ, दस्ता, तीस गोळ्यांचं मॅगझिन राजरोस मांडलेलं असतं. ते तिथे कायदेशीर आहे. परतताना कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडली की तुम्ही राज्यात आणणारे ठरता. नोंद नसलेलं असॉल्ट वेपन नुसतं जवळ असणं आणि ते राज्यात आणणं किंवा विकणं यांत कायदा फार मोठा फरक करतो: पहिल्याला एक वर्षाच्या स्थानिक तुरुंगापासून तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्याला चार, सहा किंवा आठ वर्षं.

आता तुमच्या सहकाऱ्याची रायफल. 'जुनी बटणवाली' म्हणजे दोनपैकी एक. त्यानं ती २०१८ च्या मुदतीत नोंदवली असेल, तर ती नोंद त्याच्या नावाची आहे आणि तुमच्या नावावर होऊच शकत नाही. तो ती टेक्सासला नेऊ शकतो किंवा त्यासाठी खास परवाना असलेल्या दुकानदाराला विकू शकतो, बस. नोंदवली नसेल आणि बटण तसंच असेल, तर ती आज त्याच्याकडे असणंच गुन्हा आहे, आणि तुम्ही पैसे देऊन घेतलीत तर तुमच्याकडे असणंही. अशा वेळी त्यानं बंदुकांच्या कायद्याचा वकील गाठावा. तुम्ही दुरुस्तीचा सल्ला देऊ नका, हातही लावू नका. "तू दे, मी पर लावून घेईन" हे तर मुळीच म्हणू नका. हातात आली त्या क्षणी ती जशी होती तशीच मोजली जाते.

शनिवारी त्यानं ती तुम्हाला झाडायला दिली होती का? नोंदवलेली असेल, तो तुमच्या शेजारीच उभा असेल आणि जागा रेंजची असेल, तर कायदा ते चालवून घेतो. तो चहा प्यायला गेला आणि रायफल तुमच्याकडे ठेवून गेला, तर नाही. पुढच्या वेळी त्याला सरळ विचारा, नोंदणीचं पत्र दाखव. जबाबदार माणूस रागावत नाही. बरेच जण ते पत्र रायफलच्या पेटीतच ठेवतात.

तुम्हाला स्वतःची घ्यायचीच असेल तर आधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा द्या. ती सोपी आहे, पुस्तिका दोनदा वाचा. मग दुकानातून बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं दांडा मागेपुढे करावा लागणारी, पॉइंट टू टू घ्या. ओळखीच्या माणसाकडून घेतलीत तरी व्यवहार परवानाधारक दुकानदाराकडूनच करावा लागतो, आणि कागद भरल्यापासून दहा दिवस थांबावं लागतं. घरी मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कुलपाची पेटी रायफलच्या आधी घ्या, नंतर नाही. पहिले तीन महिने पन्नास यार्डांवर पडून, मग बसून, मग उभं राहून. हात स्थिर झाला की सेंटरफायरचं बोलू. तेव्हा पर लावायचा की मॅगझिन पक्कं करायचं, ते तुमच्या हाताचा पंजा बघून ठरवता येईल. आखूड बोटांच्या माणसाला पक्कं मॅगझिनच बरं पडतं असा माझा अनुभव आहे.